एकटी मादीही अंडी घालते

माशांच्या टाकीत एकच मिस्टरी गोगलगाय (टाकीत पाळतात ती गोड्या पाण्यातली गोगलगाय) ठेवली की पिल्लांचा प्रश्नच येत नाही, असं काही जण म्हणतात; ते मला पटलं नाही. या जातीत नर-मादी वेगळे असतात हे खरं, पण मादी नराचे शुक्राणू शरीरात कित्येक महिने साठवून ठेवते. माझी एकटी मादी आणून दोन महिने झाले होते. एका रात्री ती पाण्याबाहेर काचेवर चढली आणि सकाळी झाकणाखाली अंड्यांचा फिकट गुलाबी घोस चिकटलेला, अगदी कणसाच्या तुकड्यासारखा दाणेदार. हात लावला तर मऊ लागला, दुसऱ्या दिवशी मात्र टणक झाला. तीन आठवड्यांत रंग करडा पडला आणि टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं पाण्यात उतरली. किती आनंद झाला सांगू!

पिल्लं हवी असतील तर टाकी काठोकाठ भरू नका, घोस बुडाला की आतले जीव गुदमरतात. नको असतील तर ताजा घोस अलगद काढून फ्रीजरमध्ये ठेवा. टाकीतल्या पाणवनस्पतींबरोबर नकळत येणाऱ्या बारक्या गोगलगायींचं मात्र वेगळं आहे. त्या उभयलिंगी, म्हणजे एकाच शरीरात नर-मादी दोन्ही, त्यांना जोडीदार लागतोच असं नाही.