जीटीए सिक्ससाठी भिशी? माझं ऐका, वर्षभर थांबा

कृष्णाकाठचा_राघू

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर पोरांनी पीएस फाइव्हची, म्हणजे सोनीच्या गेम कन्सोलची, भिशी लावलीय. अकरा जण, महिन्याला पाच हजार, दर महिन्याला एकाचा नंबर. नोव्हेंबर उजाडेपर्यंत अकराही घरांत कन्सोल, असा हिशोब. कारण काय, तर १९ नोव्हेंबर २०२६ ला रॉकस्टार कंपनीचा जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) सिक्स हा व्हिडिओ गेम येणार. मी भिशीत नाही म्हटल्यावर बोलणी खाल्ली, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी तारखेचं बघू. पहिला ट्रेलर आला डिसेंबर २०२३ मध्ये, तेव्हा नुसतं '२०२५' म्हणाले. मे २०२५ मध्ये म्हणाले, २६ मे २०२६. नोव्हेंबर २०२५ मध्ये म्हणाले, १९ नोव्हेंबर २०२६. दोनदा हललेली तारीख तिसऱ्यांदा हलणारच नाही, असं कट्ट्यावर कोण छातीठोकपणे सांगेल?

समजा आला वेळेवर. तरी पहिल्याच दिवशी का घ्यायचा? सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर इतका मोडकळलेला होता की सोनीने आठवड्याभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून उतरवला. परत ठेवला जून २०२१ मध्ये. तोच गेम सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर कसा झाला ते सगळ्यांना माहीत आहे. मी तो सेलमध्ये घेतला. ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजले त्यांच्यापेक्षा कमी पैशात जास्त चांगला गेम माझ्या वाट्याला आला.

पीसीवाल्यांना तर रॉकस्टारने थांबायची सवयच लावलीय. जीटीए फाइव्ह कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला, पीसीवर एप्रिल २०१५ ला. त्यांचाच रेड डेड टू कन्सोलवर ऑक्टोबर २०१८ ला, पीसीवर नोव्हेंबर २०१९ ला. सिक्स जाहीर झालाय तो पीएस फाइव्ह आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सीरीज कन्सोलसाठी. पीसीबद्दल चकार शब्द नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मोठ्या कंपनीचा गेम वर्ष-दीड वर्षाने घ्यायचा. दुरुस्त झालेला मिळतो, स्वस्त मिळतो, आणि तोवर खेळायला ढीगभर गेम पडलेत. पटत नसेल तर बोला.

मिरजेचा_बंड्या

भावा, पंगत उठल्यावर जेवलास तरी पोट भरतं की. पण लोक पंगतीत बसायला जातात.

वर्षभरानं तू गेम घेशील तेव्हा सिक्समधल्या जेसन आणि लुसियाचं पुढं काय झालं हे तुला रील बघून, मीम बघून, शेजारच्या बारक्या पोराकडून पण कळलेलं असंल. मग काय राहिलं? आणि दर वेळी सायबरपंकचंच उदाहरण का देतोस रे? एक्सपिडिशन ३३ एप्रिल २०२५ ला आला, पहिल्या दिवसापासून ठणठणीत. माँपेलियेचा स्टुडिओ, आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाएवढी माणसं, आणि डिसेंबरात गेम ऑफ द इयर घेऊन गेले. ते पण पहिल्या दिवशी पैसे मोजणाऱ्यांच्या जिवावरच.

आणि एक विचारतो, रागावू नको. सिल्कसाँग गेम आला ४ सप्टेंबर २०२५ ला. त्या संध्याकाळी स्टीमचं ऑनलाइन दुकान बसलं होतं तेव्हा ग्रुपवर 'होईना रे पेमेंट' म्हणून कोण ओरडत होतं?

कृष्णाकाठचा_राघू

मीच ओरडत होतो. वर पुन्हा वाच, मी 'मोठ्या कंपनीचा गेम' लिहिलंय. सिल्कसाँग २०१९ मध्ये जाहीर झाला, टीम चेरीच्या मूठभर माणसांनी ॲडलेडमध्ये बसून इतकी वर्षं घासला आणि २० डॉलरला विकला. पन्नास-साठ डॉलर मागितले असते तरी लोकांनी दिले असते. अशा माणसांना पहिल्या दिवशी पैसे द्यायला मला काही वाटत नाही. जीटीए फाइव्ह तर वीस कोटींहून जास्त विकला गेलाय. माझ्या पाच हजारांवाचून रॉकस्टारचं अडणार नाही.

झोनवाला_शंभर_फुटी

माझा गेमिंग झोन आहे, त्यामुळं धंद्याच्या बाजूनं बोलतो, हे आधीच सांगितलेलं बरं.

राघू दादा, तुमचं थांबायचं गणित कुणाच्या जिवावर उभं आहे बघा. तुम्ही सेकंडहँड डिस्क घेता. ती येते कुठून? पहिल्या आठवड्यात पाच हजार मोजून कुणीतरी घेतो, महिन्याभरात संपवतो, माझ्याकडं आणून देतो. मी थोडं ठेवून पुढं विकतो. तीच डिस्क मिरज, कुपवाड, जयसिंगपूर फिरून परत माझ्याच काउंटरवर आलेली मी बघितलीय. सगळ्यांनीच वर्षभर थांबायचं ठरवलं तर वर्षानं पण तुम्हाला डिस्क मिळणार नाही.

दुसरं म्हणजे नवा गेम पहिल्या आठवड्यात नसला तर माझ्या पाच खुर्च्या रिकाम्या राहतात. पोरं सरळ कोल्हापूरला जातात. तेव्हा मी तर पहिल्या दिवशी घेणार, आणि एक नाही, दोन घेणार.

खरी काळजी तारखेची नाहीच. डिस्क राहते का जाते, याची आहे. पीएस फाइव्ह प्रोला डिस्क ड्राइव्ह नाही, वेगळा घ्यावा लागतो. निनटेंडोच्या स्विच टू कन्सोलच्या बऱ्याच गेमच्या कार्डात नुसती किल्ली असते, गेम डाउनलोडच करायचा. हे सगळीकडं झालं की वाट बघणाऱ्यांनी सोनीच्या सेलचीच वाट बघायची. माझं दुकान पण गेलं आणि तुमची अर्धी किंमत पण गेली.

हिंजवडीतून_सांगलीकर

झोनवाले भाऊ, डिस्क हातात आहे म्हणजे गेम आपला, हा समज जुना झाला. यूबीसॉफ्टचा द क्रू हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम आठवतोय का? ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळायचा भागसुद्धा सर्व्हरशिवाय चालत नव्हता, त्यामुळे डिस्कवाले आणि डाउनलोडवाले एकाच रांगेत रिकाम्या हाताने उभे राहिले. त्यातूनच युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स'ची मोहीम उठली आणि दहा लाखांवर सह्या झाल्या. ईए कंपनीने अँथम या ऑनलाइन गेमचे सर्व्हर १२ जानेवारी २०२६ ला बंद केले, तिथेही हीच गत. राघूच्या 'थांबा' या सल्ल्याला हा मोठा अपवाद धरा: ऑनलाइन गेम थांबून घ्यायचा नसतो. वर्षाने जाल तर कदाचित दार बंद असेल, नाहीतर आत कुणी नसेल.

बाकी राघूशी मी बराचसा सहमत आहे. तारखांचा खेळ तर गमतीचा आहे. जीटीएने २६ मेची जागा सोडली आणि जेम्स बाँडचा ००७ फर्स्ट लाइट मार्चमधून उठून बरोबर २७ मेला येऊन बसला. त्याआधी २७ फेब्रुवारीला रेसिडेंट ईव्हिल रेक्विएम आहे, वर्षाच्या उत्तरार्धात वुल्व्हरीन येतोय. इतकं समोर वाढलेलं असताना एका गेमसाठी अकरा महिने बाकी सगळ्याकडे पाठ फिरवायची, हे मला तरी कळत नाही.

तासगावचा_चॉको

ओ शेठ लोक. पंचावन्न हजाराचा डबा, पाच हजाराचा गेम, वर टीव्ही. आणि भांडण कशावरून, तर आज घ्यायचा का पुढच्या वर्षी!

आमच्या गावात पंचवीस पोरं बीजीएमआय, म्हणजे पब्जीचा भारतातला अवतार, खेळतात, बापाच्या जुन्या मोबाइलवर. फुकट. तुमची नुसती तारीख पुढं जाती, आमचा गेमच गायब होतो. सप्टेंबर २०२० ला सरकारी बंदीत पब्जी गेला. जुलै २०२१ ला बीजीएमआय आला, जुलै २०२२ ला तो पण गेला, मे २०२३ ला परत आला. मधल्या काळात आम्ही विटीदांडू खेळलो का काय, कुणी विचारलं पण नाही. तेव्हा 'गेमर' म्हणून जी चर्चा चाललीय ती तुमच्या पाच टक्क्यांची चाललीय, एवढं ध्यानात ठेवा.

(पाच टक्के मी अंदाजानं म्हटलंय, आकडा मागू नका.)

मिरजेचा_बंड्या

चॉको, दम धर. फुकट म्हणतोस, पण मागच्या दिवाळीत गेममधल्या बंदुकीच्या स्किनवर, नुसत्या सजावटीवर, बोनस कुणी उडवला? सांगू का नाव?

तासगावचा_चॉको

ती बंदूक सोन्याची होती भावा.

वालचंदच्या_मागे

मी इंजिनिअरिंगला आहे, गेम खेळतो आणि बनवायचा प्रयत्नही करतो. राघूदादांचा मुख्य मुद्दा मला चुकीचा वाटतो, आणि कुणी तो नीट धरलेला नाही.

'थांबलं की स्वस्त होतं' हे आता अर्धंच खरं आहे. पीएस फाइव्ह भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० ला होता. तीन वर्षांनी, एप्रिल २०२४ मध्ये, त्याचीच बारीक आवृत्ती स्लिम आली ती ५४,९९० ला. आधीच्या पिढीत कन्सोल जुना झाला की किंमत उतरायची. या पिढीत चढली. अमेरिकेत तर एक्सबॉक्स सीरीज एक्स २०२० मध्ये ४९९ डॉलर होता, २०२५ मध्ये ६४९ वर गेला. एक्सबॉक्सची गेमची वर्गणी, गेम पास अल्टिमेट, आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये ८२९ वरून १,३८९ रुपये महिना झाली. जे थांबले त्यांनी जास्त मोजले.

पीसीचं तर विचारूच नका. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळे रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस भडकले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबरमध्ये सरळ जाहीर केलं की सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशियल ब्रँड गुंडाळतोय. 'जीटीए पीसीवर आला की मशीन बांधू' म्हणून बसलेल्या मित्रांनी दुकानात रॅमचा भाव विचारला आणि चहा पिऊन परत आले.

म्हणून माझं मत उलटं आहे. भिशीवाली पोरं गेमच्या नादाने का होईना, पण यंत्र वेळेत घेतायत. त्यांचं चुकत नाही.

आणि एक अवांतर. सगळा वेळ रॉकस्टारवर जातो. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये राजी हा गेम काढला, त्याचा पुढचा भाग कलियुग जाहीर झालाय. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा इंडस ऑक्टोबर २०२४ पासून मोबाइलवर आहे. इथून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर बनणाऱ्या गेमची चर्चा एवढ्या मोठ्या धाग्यात एकानेही काढली नाही.

तासगावचा_चॉको

इंडस मी खेळलोय. लॉबीत माणसं मिळाली की सांग, परत येतो.

कृष्णाकाठचा_राघू

वालचंद, किमतीचा मुद्दा मान्य. पण तू यंत्राचे भाव सांगतोयस आणि मी गेमबद्दल बोलतोय. यंत्र चढतंय म्हणून गेमही चढतो असं नाही. दोन वर्षांपूर्वीचे मोठे गेम आज सेलमध्ये अर्ध्याहून खाली मिळतात, हे तूही नाकारणार नाहीस. तेव्हा ज्याला कन्सोल हवाच आहे त्याने आत्ता घ्यावा, माझी हरकत नाही. पण घेऊन त्याच्यावर अकरा महिने नुसतं धूळ पुसत बसायचं आणि एका गेमची वाट बघायची, याला माझी हरकत आहे. गॉड ऑफ वॉर, घोस्ट ऑफ त्सुशिमा, जुनी डिस्क आणा, खेळा, परत विका.

झोनवाल्यांनी 'सगळेच थांबले तर' म्हटलंय. सगळे कधीच थांबत नाहीत. बंड्या आहे ना.

माधवनगरची_आई

मध्येच बोलते, चालेल ना? मी गेम खेळत नाही. माझा मुलगा नववीत आहे, तो खेळतो, आणि या गेमचं नाव आमच्या घरात रोज निघतं. आधी मला वाटलं होतं, सरकारने ऑगस्टमध्ये कायदा करून हे सगळं बंद केलंय. त्यानेच ऐकवलं की तो वेगळा विषय आहे. खरं आहे का हे?

आणि कधी घ्यायचा, कितीला घ्यायचा यावर तुम्ही एवढं लिहिलंत, पण कुणी घ्यायचा यावर कुणीच काही लिहिलं नाही.

हिंजवडीतून_सांगलीकर

ताई, मुलगा बरोबर सांगतोय. ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. रमी, पोकर, पैसे भरून टीम लावायची ती फँटसी ॲप्स. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. ई-स्पोर्ट्सना, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, त्याच कायद्याने उलट मान्यता दिलीय. जीटीए त्यात येत नाही.

पण तुमचा दुसरा प्रश्न योग्य आहे. जीटीए फाइव्हला युरोपात १८ वर्षांवरच्यांसाठीचं प्रमाणपत्र आहे. सिक्स त्याहून सौम्य असेल अशी आशा ठेवू नका. नववीतल्या मुलासाठी हा गेम नाही. आज नाही आणि राघूच्या हिशोबाने वर्षभर थांबून पण नाही.

मिरजेचा_बंड्या

आम्ही जीटीएचाच जुना भाग व्हाइस सिटी सातवीत खेळलो. काय झालं आम्हाला?

माधवनगरची_आई

ते वरच्या प्रतिक्रिया वाचून कळतंय.

झोनवाले दादा, तुम्हाला विचारते. मी घरी घेऊन दिला नाही तर तो तुमच्याकडे येऊन खेळणार. तुम्ही वय विचारता का?

झोनवाला_शंभर_फुटी

खरं सांगायचं तर ताई, आत्तापर्यंत विचारत नव्हतो. शाळेचा ड्रेस अंगावर असला तर आत घेत नाही, एवढंच. कपडे बदलून आलेल्याला कसं ओळखायचं? प्रत्येकाचं आधार बघत बसलो तर शनिवारी रांग रस्त्यावर येते.

सिक्सचं असं करता येईल. दोन कन्सोल आतल्या खोलीत लावतो, तिथं फक्त कॉलेजचं ओळखपत्र दाखवणारे. बाहेरच्या खुर्च्यांवर एफसी २६चा फुटबॉल, क्रिकेट, टेकनची मारामारी. त्यानं माझं गिऱ्हाईक तुटणार, मला माहीत आहे. नोव्हेंबरला येऊन बघून जा.

माधवनगरची_आई

अकरावीच्या मुलांकडेही कॉलेजचं ओळखपत्र असतं, दादा. त्यावर जन्मतारीख बघणार का ते सांगा.

झोनवाला_शंभर_फुटी

बघतो. अकरावी-बारावी पण बाहेरच.

तासगावचा_चॉको

मेलो. मी बारावीला आहे.