लॉर्ड सिन्हांनी उमरावकी घ्यायला नको होती

रानवाटा:
१९१५ च्या मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष सत्येंद्र प्रसन्न सिन्हा. १९१९ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश राजाने त्यांना 'बॅरन सिन्हा ऑफ रायपूर' केलं. (हे रायपूर छत्तीसगडचं नव्हे, बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातलं.) 'सर' आपल्याकडे पुष्कळ झाले, मुंबईच्या जीजीभॉय घराण्याला पिढीजात बॅरोनेटपदही मिळालं. पण हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसायचा वंशपरंपरागत हक्क मिळालेले भारतीय हे एकटेच.
दोन महिन्यांत जालियनवाला बाग घडली. मेअखेरीस रवींद्रनाथांनी 'सर' सोडली. सिन्हा मात्र लॉर्डही राहिले आणि भारतमंत्री माँटेग्यूंच्या हाताखालचे मंत्रीही. मला हे आजही खुपतं. घराण्याला परक्या राजाचं वतन लावून घ्यायची काय गरज होती?

वकीलकाका:
गरज होती. माँटेग्यू हाउस ऑफ कॉमन्समध्ये होते. लॉर्ड्समध्ये भारताची बाजू मांडायला कुणीतरी हवं होतं. तहहयात उमरावकीचा कायदा झाला १९५८ साली. त्याआधी न्यायाधीश आणि बिशप वगळले तर त्या सभागृहात शिरायचा मार्ग पिढीजात पदवीचाच. १९१९ चा सुधारणा कायदा लॉर्ड्समध्ये सिन्हांनीच पुढे नेला. रवींद्रनाथ कवी होते, पदवी सोडली तरी त्यांचा आवाज शाबूत राहिला. सिन्हांनी सोडली असती तर खुर्चीही गेली असती.

मुळाक्षर:
काका, दादाभाई नौरोजी १८९२ सालीच मतं मागून कॉमन्समध्ये गेले होते. मार्ग एकच होता असं कसं म्हणता? शिवाय त्या सुधारणा लोकमान्यांनाही अपुऱ्या वाटल्या होत्या.

वकीलकाका:
दादाभाई तीनच वर्षांत पडले, हेही लिहा की. अपुरा कायदा आणि काहीच नाही, यांत मी अपुरा घेईन.

सायली_प:
पुढच्या पिढीचं काय झालं तेही बघा, कारण खरा अपमान तिथे आहे. १९२८ मध्ये सिन्हा वारले, पण मुलाला, अरुणकुमारांना, सभागृहाचं बोलावणं येईना. सनदेप्रमाणे वारस पुरुष हवा आणि कायदेशीर लग्नातून झालेला हवा. आईवडिलांचं लग्न हिंदू पद्धतीचं. त्या काळी हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायची मुभा होती, म्हणून इंग्रजी कायदा या लग्नाला लग्न मानायला कचरत होता. वडिलांनी जन्मभर एकच संसार केला, तरीही!
निकाल लागला १९३९ मध्ये. लॉर्ड्सच्या विशेषाधिकार समितीने म्हटलं, आईवडील मुलाच्या जन्माआधीच ब्राह्मो समाजात गेले होते, तिथे एकपत्नीत्वच चालतं, म्हणून मुलगा औरस. ब्राह्मो झाले नसते तर? ज्या आईला आपण लेडी सिन्हा म्हणतो, तिच्या लग्नाची अशी छाननी व्हावी, हे वाचून माझ्या पोटात कालवलं. मुलींना तर त्या सनदेत जागाच नव्हती.

वकीलकाका:
सायलीताई, वेदना मान्य. पण त्या निकालाची दुसरी बाजूही आहे. इंग्लंडच्या सर्वांत जुन्या सभागृहाला आपल्याकडच्या विवाहाचा अभ्यास करून तो मान्य करावा लागला. अरुणकुमारांनी अकरा वर्षांनी का होईना, हक्क मिळवला. माझ्या मते तोही लढाच.

रानवाटा:
काका, तहहयात पदवीचा मुद्दा पटला, ते मला ठाऊक नव्हतं. तरी मत बदलत नाही. १९०९ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातली जागा आली तेव्हा सिन्हा नाखूश होते. वकिली जोरात चालत होती. त्यांचं मन वळवणाऱ्यांत आपले गोखले होते. आणि त्याच गोखल्यांनी १९१४ मध्ये स्वतःला देऊ केलेली 'सर' नाकारली. देशाचं काम म्हणून पद घ्यावं, बिरुद घेऊ नये, हा फरक त्यांना नेमका कळला होता. सिन्हांनी १९०९ मध्ये गोखल्यांचं ऐकलं. १९१९ मध्ये सांगायला गोखले नव्हते.