वजन कमी करण्याच्या फक्त १४ ‘स्लीव्ह’ केलेल्या सर्जनकडून ताईची शस्त्रक्रिया करून घ्यावी का?

केदार_आ

ताईचं वय ४३, उंची १५८ सेंमी, वजन १०६ किलो, म्हणजे बीएमआय ४२ च्या वर. मधुमेह सहा वर्षांचा, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.९, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. रात्री जोरात घोरते, दिवसा बसल्याबसल्या डोळा लागतो. जेवणानंतर छातीत जळजळ, आठवड्यातून तीन-चार दिवस पॅन्टोप्राझोल घ्यावी लागते. डाएट, चालणं, सगळं करून झालंय, त्यावर चर्चा नको.

आमच्या जिल्ह्याच्या गावी एका रुग्णालयात बेरिअ‍ॅट्रिक, म्हणजे लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियांचा, विभाग नुकताच सुरू झालाय. सर्जन तरुण आहेत. एमएस, त्यानंतर लॅप्रोस्कोपीची फेलोशिप. त्यांनी आपणहून सांगितलं की स्वतंत्रपणे १४ स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणं) केल्यात, बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडणं) अजून एकही नाही. ताईला ते स्लीव्हच सुचवतात. बोलायला मोकळे, पाऊण तास दिला. दुसरा पर्याय पुण्यात, पाच तासांवर. तिथले सर्जन बरीच वर्षं हेच करतात, खर्च साधारण दीडपट, आणि भेट मिळाली सात मिनिटांची.

१४ हा आकडा फार कमी आहे का? गावातच करायचं तर नेमकं काय काय विचारून घ्यावं?

दुर्बीणवाला

आधी त्या डॉक्टरांना एक गुण द्या. आकडा खरा सांगितला. बरेच जण ‘शेकडो केसेस’ म्हणतात आणि त्यात असिस्टंट म्हणून कॅमेरा धरलेल्याही मोजतात.

पण नुसत्या १४ वरून निकाल लागत नाही. त्याआधी फेलोशिपमध्ये स्टेपलर स्वतःच्या हातात किती वेळा होता, हे विचारा. फेलोशिप या शब्दाखाली आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात: एक-दोन वर्षं पूर्णवेळ एखाद्या युनिटमध्ये राबणं, आणि तीन-चार दिवसांचा कोर्स करून मिळणारं प्रमाणपत्र. पाटीवर दोन्ही सारखीच दिसतात. दुर्बिणीतून बायपास करताना हात स्थिरावायला साधारण ७५ ते १०० शस्त्रक्रिया लागतात असं मानतात. स्लीव्हला त्याहून कमी, तरी १४ मध्ये ते होत नाही.

हाताचा फरक किती पडतो? अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या २० बेरिअ‍ॅट्रिक सर्जननी आपापल्या बायपासचा एकेक व्हिडिओ दिला आणि इतर सर्जननी नाव न कळता त्यांना गुण दिले. २०१३ साली तो अभ्यास छापून आला. वरच्या पाव भागातल्या सर्जनच्या रुग्णांत गुंतागुंत शेकडा ५.२, खालच्या पाव भागात शेकडा १४.५. सगळे परवानाधारक, सगळे नियमित काम करणारे. म्हणून सर्जनकडे व्हिडिओ मागण्यात काही वावगं नाही. कापाकापी न केलेला, सलग.

स्लीव्हला ‘सोपी’ म्हणतात, तिथे थोडं जवळून बघू. जठराचा ७५-८० टक्के भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवायची. आत ३६ ते ४० फ्रेंचची बूजी, म्हणजे १२-१३ मिमी जाडीची नळी, आणि तिच्या कडेने स्टेपलरच्या ६० मिमीच्या पाच-सहा कार्ट्रिज, म्हणजे पिनांच्या पट्ट्या. सुरुवात पायलोरसपासून, म्हणजे जठराच्या खालच्या दारापासून, ४ ते ६ सेंमीवर. तिथे जठराची भिंत जाड असते, म्हणून उंच पिनांची कार्ट्रिज. वर जाल तशी भिंत पातळ, म्हणून कमी उंचीची. जाड भिंतीत बुटक्या पिना मारल्या तर त्या नीट मिटत नाहीत, पातळ भिंतीत उंच मारल्या तर कडेने रक्त झिरपतं. दाबल्यावर काही सेकंद थांबायचं, ऊतीतलं पाणी बाजूला सरतं, मग फायर करायचं. घाई करणारा हात इथेच ओळखू येतो.

मध्यावर जठराला एक वळण आहे. नवखा सर्जन ‘वजन जास्त उतरावं’ म्हणून तिथे बूजीला घासून स्टेपल करतो. वळण आवळलं की वरच्या भागात दाब चढतो, आणि तो दाब फुटतो तो अन्ननलिकेजवळच्या शेवटच्या टोकाला, कारण तिथली भिंत पातळ आणि रक्तपुरवठा तुटपुंजा. लीक, म्हणजे पिनांच्या रेषेतून जठरातलं पोटात गळणं, बहुतेक वेळा तिथलाच. याउलट भीतीपोटी वरचा घुमट नीट मोकळा न करताच काम उरकलं, तर पिशवी मागे राहते. वजन परत चढतं, जळजळही वाढते. तिसरी चूक म्हणजे पुढची आणि मागची भिंत असमान ओढली जाणं. मग नळीला पीळ पडतो, दुर्बीण आत जाते पण घास अडतो. आणि भूलतज्ज्ञाने नाकातून जठरात घातलेली नळी बाहेर घेतली की नाही हे न विचारता फायर केलं, तर ती नळीच पिनांत अडकते. ऐकायला बावळटपणा वाटतो, पण होतं.

आता ताईंच्या बाबतीत मला १४ पेक्षा जास्त खटकतंय ते वेगळंच. आठवड्यातून चार दिवस जळजळ असलेल्या बाईला एंडोस्कोपीआधी स्लीव्ह सुचवली कशी? स्लीव्हनंतर आम्ल वर येणं अनेकांत वाढतं. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला जखमा, बॅरेट (आम्लाने अन्ननलिकेचं अस्तर बदलणं) किंवा मोठा हायटस हर्निया (जठराचा भाग छातीत सरकणं) निघाला तर बायपास हाच बरा मार्ग, आणि मधुमेहालाही बायपास थोडी उजवीच. या डॉक्टरांना बायपास येत नाही. दुकानात एकच माल असला की प्रत्येक गिऱ्हाइकाला तोच शोभून दिसतो.

भूल_चूक

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी ऑपरेशन टेबलच्या दुसऱ्या टोकाकडून, भूलतज्ज्ञाच्या बाजूने लिहितो.

ताईंचं वर्णन वाचून स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडणं, गृहीतच धरायला हवा. स्लीप स्टडी करा, निघालाच तर सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं) आधीच सुरू करा आणि रुग्णालयात ते सोबत न्या. भूलतज्ज्ञाला विचारा: लठ्ठ रुग्णाला उशांचा उतार करून, कान आणि छातीच्या हाडाचा खळगा एका रेषेत आणून नळी घालता का? व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (घसा पडद्यावर दाखवणारा कॅमेरा) आहे का? याचं उत्तर डोळे न मिचकावता आलं पाहिजे.

डापाग्लिफ्लोझिनबद्दल कुणी बोललं का? शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी बंद करावी लागते. त्यात आधीचे दोन आठवडे पातळ आहार असतो, तेव्हा साखर बरी दिसत असतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात घातक आम्ल साचणं, होऊ शकतो. त्यामुळे पातळ आहार सुरू होतानाच ती थांबवायची का, हे मधुमेहाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. मधुमेह-वजनासाठीची सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइडची इंजेक्शनं घेत असाल तर तेही लपवू नका. पोट उशिरा रिकामं होतं आणि भूल देताना अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका राहतो.

आता मुख्य मुद्दा. लीक टेबलावर क्वचित दिसतो. जठरात निळं पाणी सोडून केलेली चाचणी स्वच्छ आली तरी लीक होऊ शकतो, आणि तो बहुधा घरी गेल्यावर, पहिल्या दहा-पंधरा दिवसांत बाहेर पडतो. लठ्ठ पोटात पोट कडक होणं, दाबल्यावर दुखणं ही नेहमीची लक्षणं झाकली जातात. पहिली खूण नाडी. नाडी १२० च्या वर राहिली, डावा खांदा दुखतोय, धाप लागते, ‘काहीतरी बिघडलंय’ असं रुग्ण म्हणतोय, तर ताप नसला तरी दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो लीकच.

त्यामुळे सर्जनच्या अनुभवाइतकाच प्रश्न रुग्णालयाचा आहे. रात्री दोन वाजता सीटी स्कॅन होतो का आणि तो वाचतं कोण? पोटातला पू सुईने काढून ड्रेन घालणारा रेडिओलॉजिस्ट गावात आहे का? गळती झाकायला आतून स्टेंट (जाळीची नळी) टाकणारा एंडोस्कोपिस्ट? रक्तपेढी किती अंतरावर? बेरिअ‍ॅट्रिक सर्जन सुट्टीवर गेला तर पाठीमागे कोण? यातली दोन उत्तरं ‘पुण्याला पाठवू’ अशी आली, तर मग पाच तासांचा प्रवास तब्येत चांगली असतानाच का करू नये?

पुण्याची दुसरी बाजूही सांगतो. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज, चौथ्या दिवशी गावी आणि सहाव्या दिवशी नाडी १३०, हा प्रकार नको. पुण्यात केलंत तर दहा दिवस रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या आत मुक्काम ठेवा. खर्चात तोही धरा. आणि गाडीत सलग पाच तास बसवू नका, दर तासाला उतरवून चालवा. पायातल्या गुठळ्या हा लीकइतकाच मोठा शत्रू आहे. गुठळ्या रोखणारी हेपरिनची इंजेक्शनं घरी किती दिवस, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं हवं.

केदार_आ

खूप धन्यवाद. आज पुन्हा फोन केला. डॉक्टर म्हणाले, १४ पैकी एकाही रुग्णाला लीक नाही. आणि ‘गरज पडली तर’ पुण्याहून सीनियर येतील. याला किती वजन द्यायचं?

दुर्बीणवाला

पहिलं: लीकचा खरा दर समजा शेकडा ५ आहे, म्हणजे अनुभवी केंद्रांच्या कितीतरी पट वाईट. तरीही सलग १४ रुग्ण लीकशिवाय पार पडण्याची शक्यता जवळपास निम्मी असते. ०.९५ चा १४ वा घात करून बघा, ०.४९ येतं. म्हणजे ही नाणेफेक आहे. १४ मधल्या शून्याने डॉक्टर वाईट ठरत नाहीत, तसे चांगलेही ठरत नाहीत. त्याऐवजी विचारा: ३० दिवसांत किती जण परत दाखल झाले, किती जणांचं पोट पुन्हा उघडलं, आणि वर्षभरानंतरही तपासणीला किती येतात. उलट्यांमुळे परत दाखल झालेले दोन-तीन असतील तर वळण आवळलं जातंय का, हा प्रश्न ओघानेच येतो.

दुसरं: ‘गरज पडली तर’ याला काही अर्थ नाही. रक्तस्राव सुरू झाल्यावर पाच तासांवरचा माणूस काय करणार? सीनियर हातमोजे घालून टेबलाशी उभे असणार, पहिल्या फायरपासून शेवटच्यापर्यंत, हे संमतिपत्रावर नावानिशी लिहून घ्या. कोणता भाग कोण करणार तेही. नवीन युनिटं अशीच सुरू होतात, त्यात कमीपणा नाही. फक्त सीनियर संध्याकाळच्या गाडीने परत जातात हे विसरू नका. दुसऱ्या दिवशीचा राउंड आणि आठवड्याभराचे फोन या तरुण डॉक्टरांचेच.

सातूचं_पीठ

आहाराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. चांगल्या युनिटची एक साधी खूण: शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे ८०० ते १००० कॅलरींचा, प्रथिनं जास्त असा आहार ते कटाक्षाने पाळायला लावतात. यकृताचा डावा भाग त्याने आक्रसतो. तो नेमका जठराच्या वरच्या टोकावर पांघरलेला असतो, म्हणजे जिथे लीक होतो तिथेच सर्जनला दिसत नाही. ‘या सोमवारी ये, बुधवारी करू’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

नंतर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं. सुरुवातीला दूध, ताक, गाळलेलं मुगाचं कढण, प्रोटीन पावडर, तेही ३०-३० मिली घोटाघोटाने. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचं. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम सायट्रेट १२०० ते १५०० मिग्रॅ दोन-तीन भागांत, लोहापासून दोन तास लांब. हे जन्मभर. बायपास झाली तर कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही कायमच्या बंद, जोडावर अल्सर होतो.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवायला सांगा. दोन-तीन दिवस उलट्या थांबल्या नाहीत की आपल्याकडे जवळच्या दवाखान्यात जाऊन ग्लुकोजची सलाईन लावून घ्यायची पद्धत आहे. थायमिनचं, म्हणजे बी-१ चं इंजेक्शन न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते: तोल जातो, डोळे गरगरतात, स्मृती जाते. आधी थायमिन, मग ग्लुकोज. चिठ्ठी लिहून ताईंच्या पर्समध्ये ठेवा.

कॅशलेस

खर्चाची तुलना करताय म्हणून थोडक्यात. विमा असेल तर आयआरडीएआय, म्हणजे विमा नियामकाच्या, नियमात बीएमआय ४० किंवा जास्त (किंवा इतर उपाय फसल्यावर, गंभीर सहआजारांसह ३५ किंवा जास्त), वय किमान १८ आणि डॉक्टरांचा सल्ला या अटी आहेत. ताई बसतात. पॉलिसीतला प्रतीक्षा काळ मात्र बघा. उंची-वजन केसपेपरवर शस्त्रक्रियेच्या आधीच्या तारखेचं हवं, पातळ आहाराने १०० च्या खाली उतरल्यानंतरचं नको. आणि ‘पॅकेज’मध्ये लीक झाल्यास आयसीयू, स्टेंट, दुसरी शस्त्रक्रिया धरलेली आहे का, हे लेखी घ्या. दीडपट खर्चाचं गणित तिथेच फिरतं.

केदार_आ

पुढच्या आठवड्यात एंडोस्कोपी आणि स्लीप स्टडी ठरवली. एंडोस्कोपी साफ आली तर गावात करायला हरकत नाही ना?

दुर्बीणवाला

साफ आली, सीनियर टेबलाशी उभे राहणार हे लेखी मिळालं, आणि भूल_चूक यांच्या रात्री दोनच्या प्रश्नांची उत्तरं गावातल्या गावात मिळाली, तर विचार करता येईल. तिन्ही हवं. एक जरी नसलं तरी पुणे, आणि तिथल्या सात मिनिटांत काय विचारायचं ते कागदावर लिहून न्या. थोडा उशीर झाला म्हणून बिघडत नाही. कर्करोगाची गाठ नाही ही. या काळात साखर उतरवा.

कुठेही केलंत तरी डिस्चार्जच्या आधी ऑपरेशन नोटची प्रत मागा. त्यात बूजीचा आकार, कार्ट्रिज किती आणि कोणत्या रंगाच्या (रंगावरून पिनांची उंची कळते), सुरुवात पायलोरसपासून किती सेंमीवर, लीक चाचणी कशी केली, इतकं असलं पाहिजे. फोटो काढून ताईंच्या आणि तुमच्या, दोघांच्या फोनमध्ये ठेवा. दुसऱ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायची वेळ आली तर पहिल्यांदा तीच मागतात.