थरार आणि लाज एकत्र
करुण संगीत लावलं की युद्धपट आपोआप युद्धविरोधी होतो, हे मला काही पटत नाही. ‘प्लॅटून’ या व्हिएतनाम युद्धावरच्या सिनेमातलं (१९८६) संगीतकार बार्बरचं ‘अडाजियो’ घ्या, तंतुवाद्यांची संथ, करुण रचना. व्हायोलिनं रडतात, आपणही रडतो आणि मरण चक्क देखणं वाटायला लागतं. मला तरी ते जरा सोपं वाटतं.

याउलट ‘अपोकॅलिप्स नाऊ’मध्ये (१९७९) अमेरिकी हेलिकॉप्टरं जर्मन संगीतकार वाग्नरच्या सुरावटीवर व्हिएतनामी गावावर तुटून पडतात. संगीत हेलिकॉप्टरवरच्या लाउडस्पीकरमधूनच वाजतं, गावकऱ्यांना धडकी भरावी म्हणून. पण अंगावर रोमांच येतात आपल्या! मधेच सूर तोडून कॅमेरा शांत शाळेपाशी जातो, पांढऱ्या कपड्यांतली मुलं दिसतात. पुन्हा संगीत येतं तेव्हा थरार ओसरलेला नसतो, फक्त त्याची लाज वाटू लागते. आणि ही करामत संगीतापेक्षा संकलनाची आहे.