धागा: माघातली रवण, फाल्गुनातली पिल्लं आणि परसातली कामं

संक्रांतीनंतर गावठी कोंबड्या अंड्यावर येतात, माघात एकेक करून खुडूक होतात, म्हणजे अंडी उबवायला बसायला लागतात (हीच रवण), आणि चैत्र लागला की ऊन पिल्लांच्या जिवावर उठतं. हाताशी जेमतेम दोन महिने. पाच-पंचवीस कोंबड्यांच्या परसात या दिवसांत काय करता, किती मापानं करता, आणि बिघडतं ते कशामुळे, ते इथे लिहा. "छान पिल्लं निघाली" एवढंच नको.

सुरुवात हिशेबापासून करतो. गावठी नराचा चढा बाजार गटारीच्या आधीचा पंधरवडा. श्रावण लागला की तो बसतो. गावठी नर किलोभर व्हायला पाच महिने धरा. आषाढ अमावास्येपासून पाच महिने आणि वर उबवणीचे २१ दिवस मागे मोजले की अंडी बसवायची तारीख जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत येते. पंचांग बघून नेमकी काढा, अधिक महिना असेल तर ती पुढे सरकते. याच खेपेतल्या तलंगा (तरुण माद्या) गणपतीच्या आसपास किंवा त्यानंतर अंड्यावर येतात, तेव्हा नर विकून मादी ठेवायचा मार्गही आपसूक मोकळा होतो.

माण, सातारा

खुडूक कोंबडीबद्दल. नुसती क्लक-क्लक करते म्हणून बसवू नका. सलग दोन रात्री खोक्यातच राहिली, पोटाखाली हात घातला तर फुगली पण उठली नाही, तरच ती पक्की. पहिल्या दोन रात्री खाली दोन-तीन वाया जाणारी अंडी ठेवायची आणि तिसऱ्या रात्री, अंधारातच, बसवायची अंडी सारायची. दिवसा जागा बदलली तर जुन्या जागेकडे पळते.

पाटीच्या तळाला दोन बोटं चाळलेली राख आणि माती, वर पेंढा, पेंढ्यात सुकी निरगुडीची किंवा कडुनिंबाची पानं. हे पिसवा आणि उवांसाठी. २१ दिवस एकाच जागी बसलेल्या कोंबडीला उवांनी पोखरलं तर ती सोळाव्या-सतराव्या दिवशी सगळं टाकून उठते, आणि लोक म्हणतात कोंबडीच वाईट. बसवायच्या आधी पंखाखाली आणि बुडाजवळची पिसं उलटी करून बघा.

गावठी कोंबडीखाली गावठी अंडी १० ते १२. मोठ्या जातीची ५५ ग्रॅमची असतील तर ९. जास्त घातली की कडेचं अंडं थंड पडतं. ती अंडी फिरवते तेव्हा कडेचं आत जातं आणि दुसरं कडेला येतं, म्हणून एक जादा अंडं तीन-चार अंड्यांचं नुकसान करतं. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं फुली मारा. दुसऱ्या कोंबड्या तिच्याच खोक्यात अंडी घालून जातात. बिनफुलीचं दिसलं की त्याच दिवशी काढायचं. नाहीतर पहिली पिल्लं फुटली की ती त्यांना घेऊन उठते आणि मागची अर्धवट राहतात.

दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, मूठभर मका किंवा ज्वारी आणि पाणी. ओलं खाद्य नको, त्यानं हागवण लागते आणि अंडी माखतात. १५-२० मिनिटांत ती परत बसते. काही इतक्या हट्टी असतात की उठतच नाहीत. त्यांना हातानं उचलून बाहेर ठेवायला लागतं. उचलण्याआधी पंखाखाली अंडं अडकलंय का बघा. १८ व्या दिवसानंतर खाली हात घालणं बंद.

परभणी

अंडी उबवायच्या मशीनबद्दल लिहितो, पण त्याआधी अंड्याबद्दल. मशीन मेलेलं अंडं जिवंत करत नाही.

८ ते १० कोंबड्यांमागे एक कोंबडा. नवीन कोंबडा सोडल्यावर आठवडाभर जाऊ द्यायचा, मग अंडी साठवायला घ्यायची. साठवण सात दिवसांपर्यंत. त्यापुढे दर दिवसागणिक फूट, म्हणजे पिल्लं निघण्याचं प्रमाण, घटते. निमुळतं टोक खाली. अंडं धुवायचं नाही, कारण कवचावरचा पातळ थर जातो आणि छिद्रांतून जंतू आत शिरतात. माखलेलं अंडं खायला वापरा.

साठवण १५ ते १८ अंशांवर हवी. फ्रिज फार थंड पडतो, आणि आमच्याकडे फेब्रुवारीअखेर दुपारी पत्र्याखाली पारा ३२ च्या वर जातो. अंडं पंचविशीच्या वर गेलं की आतला गर्भ हळूहळू वाढायला लागतो, रात्री गारठला की थांबतो. असं तीन-चार दिवस झालं की तो उबवणीआधीच मरतो. सातव्या दिवशी बॅटरीच्या (टॉर्चच्या) उजेडात बघितलं तर रिकामं दिसतं आणि दोष कोंबड्याला लागतो. उपाय साधा आहे: पसरट मडकं ओल्या वाळूत अर्धं पुरायचं, आत तूस टाकून अंडी, वर ओलं सुती फडकं, फडकं अंड्यांना टेकता कामा नये. घरातल्या सगळ्यांत गार खोलीत. दिवसातून दोनदा अंडी गोळा करायची.

आता आर्द्रता. पुस्तकात लिहिलेलं असतं: पंख्याच्या मशीनला ३७.५ अंश, पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. आकडे बरोबर आहेत, पण आपल्या हवेत ते गाठायचे कसे हे कोणी सांगत नाही. बाहेर ३० अंश आणि २५ टक्के ओलावा असेल तर तीच हवा ३७.५ ला तापल्यावर १५-१६ टक्क्यांवर येते. त्यामुळे मराठवाड्यात मशीनबरोबर मिळणारी पाण्याची पन्हळ पुरत नाही. ओलावा पाण्याच्या खोलीवर नाही, पृष्ठभागावर ठरतो. पाण्यात उभा स्पंज किंवा जाड सुती कापड ठेवलं की पृष्ठभाग वाढतो.

आर्द्रतामापकापेक्षा वजनकाटा खरं बोलतो. १० अंडी एकत्र तोला. ४५ ग्रॅमच्या हिशेबानं सुरुवातीला ४५० भरली तर सातव्या दिवशी सुमारे ४२९, चौदाव्या दिवशी ४०८, अठराव्या दिवशी ३९६. म्हणजे एकूण १२ टक्के घट. घट कमी झाली तर पाणी कमी करा, जास्त झाली तर वाढवा. घट कमी राहिली की हवेची पोकळी लहान राहते, पिल्लू मोठं आणि पाणथळ होतं, चोच आत मारताच गुदमरतं. घट जास्त झाली की पापुद्रा पिल्लाला चिकटतो आणि ते वळू शकत नाही.

गुहागरजवळून

परभणीकरांचं बरोबर, पण किनाऱ्यावर उलटी अडचण. २८ अंश आणि ६० टक्क्यांची हवा मशीनमध्ये तापली तरी ३५ टक्के राहते, त्यात अंड्यांतून उडणारं पाणी मिळतं. त्यामुळे इकडे पहिले १८ दिवस पन्हळ कोरडी ठेवली तरी वजनाचा हिशेब बहुधा जमतो. १८ व्या दिवशी भरायची. "५५ पाहिजेच" म्हणून पाणी ओतत बसलं की विसाव्या दिवशी चोचीनं कवच टोचलेली आणि तिथेच मेलेली पिल्लं मिळतात. काट्यावर ठेवा, भांडण मिटेल.

खुराड्याबद्दल दोन ओळी. मुंगसाला आणि घोणशीला एक इंचाची जाळी म्हणजे दार उघडं. अर्ध्या इंचाची घ्या, खाली एक वीत जमिनीत पुरा आणि बाहेरच्या बाजूला वळवा. घार दुपारी येते, म्हणून पहिले सहा आठवडे पिल्लं डालग्याखाली किंवा वर जुनी मासळीची जाळी ताणून. लिटरला, म्हणजे खुराड्यातल्या अंथरणाला, भाताचं तूस दोन-अडीच इंच, रोज हलवायचं. मुठीत दाबलं आणि गोळा झाला तर ओलं, सुटलं तर बरं.

अहिल्यानगर, वायरमन

मशीनच्या पडद्यावरचा आकडा खरा मानू नका. पेल्यात अंगाला सोसेल इतकं कोमट पाणी घ्या, त्यात मशीनचा स्टीलचा सेन्सर आणि ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर दोन्ही एकत्र बुडवा. फरक दिसेल तेवढा सेटिंगमध्ये कमीजास्त करा. अर्ध्या अंशाचा फरकही कळतो: सतत कमी राहिलं तर पिल्लं २२ व्या दिवशी, सुस्त, जास्त राहिलं तर २० व्याला, बेंबी उघडी. आर्द्रतामापक तपासायचा तर बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चिखलासारखं ओलं करा, मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवला पाहिजे.

मशीन बिनपंख्याचं असेल तर ३७.५ चा नियम त्याला लागू नाही. हवा थरांनी तापते, म्हणून अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.५ च्या आसपास ठेवतात.

भारनियमन. १२ व्होल्ट १५० ॲम्पिअर-तासाची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नाही, राहिले ९००. इन्व्हर्टरची तूट काढून ७०० धरा. साठ अंड्यांचं मशीन हीटर चालू-बंद होत सरासरी ५० वॉट ओढत असेल तर एक रात्र निघते. तुमचं किती ओढतं ते वॉटमीटर लावून बघा. बॅटरी नसेल तर झाकण उघडू नका, वर गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा. दोन-तीन तासांनी फार बिघडत नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र गोधडी जपून, कारण तेव्हा अंडी स्वतःच उष्णता सोडतात आणि गारठ्यापेक्षा घुसमटण्याची भीती मोठी. वीज आल्यावर आकडा ४० च्या वर उसळत नाही ना, यावर दहा मिनिटं लक्ष ठेवा.

सांगली

बॅटरीनं (टॉर्चनं) अंडी कशी बघायची ते कोणी लिहिलं नाही. पुठ्ठ्याची नळी टॉर्चला लावा, अंधाऱ्या खोलीत बोथट टोकाकडून उजेड घाला. सातव्या दिवशी जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा आणि मधे हलणारा ठिपका. नुसती लाल कडी दिसली तर गर्भ मेलेला. काहीच नसेल तर वांझ. तपकिरी कवचात अंदाज कठीण, शंका असेल ते चौदाव्या दिवशी पुन्हा बघा. मेलेली काढायचीच, मशीनमध्ये फुटलं तर सगळ्यांवर उडतं. फिरवणं हातानं असेल तर दिवसातून विषम वेळा, तीन किंवा पाच, म्हणजे रात्रीची लांब पाळी रोज एकाच कुशीवर येत नाही. १८ व्या दिवसापासून बंद.

पिल्लू टोचल्यावर मदत करायची घाई नको. टोचल्यापासून बाहेर पडेपर्यंत १२ ते २४ तास लागतातच. तेवढ्यात आतलं पिवळं पोटात ओढलं जातं आणि पापुद्र्यातलं रक्त आटतं. त्या पिवळ्यावर पिल्लू दोन दिवस बिनखाण्याचं राहतं, म्हणून सुकल्याशिवाय काढू नका आणि दर तासाला झाकण उघडून बाकीच्यांचा ओलावा घालवू नका.

कागल

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची जागा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पन्नास पिल्लांना ६० ते १०० वॉटचा बल्ब, टांगता, साखळीनं वर-खाली होणारा. थर्मामीटरपेक्षा पिल्लं सांगतात: बल्बखाली ढीग म्हणजे थंडी, कडेला धापा म्हणजे गरमी, एका बाजूला गर्दी म्हणजे झोत. भोवती दीड फुटी पत्र्याचं गोल कडं. चौकोनी खोक्यात कोपऱ्याला ढीग होऊन खालची चेंगरतात. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र घातलंत तर पाय फाकतात, गोणपाट घाला.

पहिल्यांदा पाणी, दोन-तीन तासांनी खाद्य. पाण्याच्या भांड्यात गोटे टाका, बुडून मरतात. पन्नास पिल्लांना पहिल्या आठवड्यात दिवसाला साधारण अर्धा किलो चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य). बुड चिकटलं असेल तर कोमट पाण्यानं भिजवून पुसा, ओढू नका. शेंगदाणा पेंड घालणार असाल तर वास घ्या. बुरशी आलेली पेंड पिल्लांचं यकृत खाते.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

लस. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात एक थेंब, मानमोडीसाठी (राणीखेत रोग). चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. सहा ते आठ आठवड्यांत देवी, आणि आठव्या-दहाव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी, टोचून. तुमच्या तालुक्यात वेळापत्रक थोडं वेगळं असेल तर दवाखान्याचं पाळा.

छोट्या परसाची अडचण अशी की कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची, पिल्लं तीस. कालवलेली लस बर्फात ठेवली तरी दोन तासांत संपवायची असते. म्हणून आळीतल्या चार-पाच घरांनी रवण एकाच आठवड्यात बसवा आणि लस एकाच सकाळी द्या. पाण्यातून द्यायची तर नळाचं क्लोरीनचं पाणी नको; विहिरीचं घ्या, लिटरला ५-६ ग्रॅम साय काढलेली दूध पावडर मिसळा, आणि त्याआधी दोन तास पिल्लांना पाणी बंद.

बाजारातून आणलेला पक्षी तीन आठवडे वेगळा. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तोही याच हंगामात. एकाएकी बरेच पक्षी मेले तर पुरून मोकळे होऊ नका, कापून बघू नका, दवाखान्यात कळवा.

भंडारा

बदकाची अंडी कोंबडीखाली बसवता येतात, पण २८ दिवस लागतात. म्हणून नुकतीच खुडूक झालेली कोंबडी निवडा, आधी बसून दमलेली नको. एका कोंबडीला ६-७ अंडी. अंडी मोठी असल्यामुळे कोंबडीला फिरवता येत नाहीत, दिवसातून दोनदा आपण फिरवायची, कोंबडी उठली की हातानं कोमट पाणी शिंपडायचं.

धुळे

कडकनाथ आणि वनराज क्वचितच खुडूक बसतात, त्यांची अंडी गावठीखालीच घाला. वनराज ही संकरित जात. तिच्याच अंड्यांतली पिल्लं आईबापांइतकी एकसारखी वाढत नाहीत. तशी हवी असतील तर दरवेळी उबवणूक केंद्रातून आणा.

पुन्हा माण

नको असलेली खुडूक मोडायची असेल तर पाण्यात बुडवणं वगैरे प्रकार नकोत. तळाला जाळी असलेल्या टांगत्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस, दाणापाणी नेहमीसारखं. पोटाखाली वारा लागला की उतरते.

इंदापूर

याच दिवसांत ॲझोला (पाण्यावर तरंगणारी, कोंबड्यांना खायला घालायची वनस्पती) लावून घ्या, एप्रिलात हिरवं खाद्य संपतं. दोन मीटर बाय दोन मीटर, २० सेंटिमीटर खोल खड्डा, त्यात सिल्पॉलिनचा (जाड प्लास्टिकचा) कागद, त्यावर चाळलेली माती १० ते १५ किलो, २ किलो शेण आणि ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट १० लिटर पाण्यात कालवून. पाण्याची उंची १० सेंटिमीटर. अर्धा ते एक किलो ॲझोला सोडा, १०-१५ दिवसांनी रोज अर्धा किलो निघतं. दर पाच दिवसांनी किलोभर शेण आणि २० ग्रॅम फॉस्फेट. वर सावलीची जाळी हवीच, नाहीतर मार्चच्या उन्हात लाल पडतं. काढलेलं तीनदा धुवा, शेणाचा वास राहिला तर पक्षी शिवत नाहीत.

पिल्लांना खायला वाळवी पकडायची असेल तर: मडक्यात ओला गोणपाट, सुकं शेण आणि काड्या भरून संध्याकाळी वारुळाजवळ पालथं घाला, सकाळी लवकर उचला. ऊन चढलं की वाळवी परत आत जाते.