मदत हवी आहे: ओआय असलेल्या लेकीचा तोल आणि उभं राहायची ढब

नमस्कार मंडळी,
लेक १३ वर्षांची, आठवीत. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा (ओआय), म्हणजे हाडं सहज मोडण्याचा जन्मजात आजार, टाइप १. डॉक्टर याला सौम्य प्रकार म्हणतात, सात प्लास्टरं झाल्यावर त्या शब्दाचं हसू येतं. शेवटचं फ्रॅक्चर दीड वर्षापूर्वी, उजव्या मांडीचं. आत रॉड आहे, हाड छान जुळलंय. झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाईन (हाडं बळकट करणारं औषध) दर सहा महिन्यांनी चालू.

आता काळजी हाडाची नाही, उभं राहण्याची आहे. सगळा भार डाव्या पायावर, उजवा गुडघा किंचित वाकवलेला. युनिफॉर्मचा एक खांदा कायम उतरलेला. लाईट गेली की भिंत धरते. तोंड धुताना डोळे मिटले की एका हाताने बेसिन घट्ट पकडते, हे तर मला गेल्या महिन्यात कळलं. पावलं सपाट, घोटे आत कललेले. सांधे इतके सैल की अंगठा मनगटाला टेकतो (वर्गात करून दाखवते, ओरडून उपयोग नाही).

शाळेने पीटीच्या तासाला तिला बाकावरच बसवून ठेवलंय. मीही रस्त्यात तिचा हात सोडत नाही. फिजिओ म्हणतात सोडा. कसा सोडू? घरी कोणते व्यायाम चालतील? पाठीला बाक येतोय का, हे कसं ओळखायचं?

काचेचा_पाय:
ताई, मी २८ वर्षांचा, मलाही ओआय, टाइप ४. आधी दोन्ही पायांची लांबी मोजून घ्या. मांडीचं हाड मोडून जुळलं की फरक राहू शकतो. माझा दीड सेंटिमीटर होता. बुटात उंचवटा घातला आणि कंबर बरीच सरळ झाली. घरातल्या चपलेतही घाला, आम्ही ते विसरलो होतो. पाठीचं नजरेने ठरवू नका, उभं राहून कण्याचा एक्स-रे काढतात. आणि कान तपासलेत का? ओआयमध्ये ऐकू कमी येऊ शकतं, आणि तोल सांभाळणारा भागही आतल्या कानातच असतो.

फिजिओ_मावशी:
बेसिनची खूण महत्त्वाची आहे, डॉक्टरांना नक्की सांगा. अस्थिबंध (हाडांना सांध्यात बांधून ठेवणारे पट्टे) सैल असले की सांधा कुठल्या कोनात आहे ही खबर मेंदूला नीट पोचत नाही. ती कसर डोळे भरून काढतात. डोळे मिटले की पंचाईत. त्यात प्लास्टरमुळे पोटऱ्या बारीक झालेल्या.
तुमच्या फिजिओंना विचारून: ओट्याला दोन बोटं टेकवून दोन्ही टाचा सावकाश उचलणं, मग एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून उभं राहणं. दोन वजनकाटे शेजारी ठेवून प्रत्येकावर एक पाय, आकडे सारखे करायचा खेळ. जमलं तर कमरेएवढ्या पाण्यात चालणं. कंबर पिळणं, जोर लावून पुढे वाकणं, उड्या नकोत. हात धरण्याचं म्हणाल तर तिला तुमचा दंड धरू द्या. पडताना तुम्ही तिचा हात खेचलात तर तोच मोडायचा.
तोल अचानक बिघडला, मानेमागे नवी डोकेदुखी किंवा हाताला मुंग्या आल्या, गिळताना अडखळलं, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. शेजारच्या काकूंचा वजनकाटा आणला. डावीकडे २३, उजवीकडे १३! खटपट करून १९-१७ वर आणलं, तर म्हणाली, "आई, अशी उभी राहिले की मी वाकडी झाल्यासारखं वाटतंय." कानाची तपासणी आणि पायांचं मोजमाप पुढच्या आठवड्यात. काकू काटा परत मागताहेत, दुसरा विकत आणते.