मदत हवी आहे: पाळी गेल्यावर पुन्हा डाग, पिशवी काढण्याआधी बायोप्सी?

नमस्कार मंडळी,

सासूबाई ६१ वर्षांच्या. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. मधुमेह आहे, वजनही जास्त. गेल्या महिन्यापासून अधूनमधून अंगावरून लाल जातंय. कुणाला बोलल्या नाहीत. भिजवलेला परकर मला दिसला म्हणून कळलं. विचारलं तर म्हणाल्या, "उष्णता झाली असेल गं."

तालुक्याच्या डॉक्टरांनी पॅप स्मिअर केली, ती नॉर्मल आली. खालून केलेल्या सोनोग्राफीत पिशवीच्या अस्तराची जाडी ११ मिमी. डॉक्टर म्हणतात, पॅप चांगली आहे, घाबरू नका, पिशवीच काढून टाकू. नणंदेलाही तेच पटलंय, एकदाची कटकट मिटेल म्हणून.

मला मात्र हे पटत नाहीये. पॅपमध्ये गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी बघतात. आतल्या अस्तराचा कॅन्सर त्यात सुटू शकतो. पाळी गेल्यावर रक्त जात असेल आणि अस्तर ४ मिमीपेक्षा जाड असेल, तर आतला तुकडा काढून तपासतात (बायोप्सी). पाळी गेल्यावर रक्त जाणाऱ्या बहुतेक बायकांना कॅन्सर नसतो, पॉलिप किंवा सुकलेलं अस्तर निघतं, हे मलाही माहीत आहे. पण न तपासता पिशवी काढली आणि मागाहून रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला तर? आधी एमआरआय झालेला नसणार, अंडाशय कदाचित आतच राहिलेले, लिम्फ नोड्स (कॅन्सर पसरू शकतो त्या गाठी) कुणी पाहिलेल्या नाहीत. मग दुसरं ऑपरेशन. मधुमेहाच्या बाईला दोनदा भूल द्यायची वेळ मला येऊ द्यायची नाही.

सांगली-मिरज-कोल्हापूरकडे ओपीडीतच बारीक नळीने तुकडा घेतात का? कुणी करून घेतलं असेल तर किती दुखतं ते खरं खरं सांगा. की सरळ दुर्बिणीने हिस्टेरोस्कोपी करावी, म्हणजे पॉलिप असला तर डोळ्यांना दिसेल? साखर किती असली की भूल द्यायला नाही म्हणतात?

रिपोर्ट वाईट आला तर परळला टाटाला न्यायचं ठरवलंय. तिथे दाखवायला लॅबकडून मूळ स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) मागून घ्यावे लागतात. ते लॅब सहज देते का, की डॉक्टरांची चिठ्ठी लागते?

आणि बायकांनो, आतून तपासणी म्हटलं की सासूबाई उठून स्वयंपाकघरात जातात. तुमच्या घरी कुणी समजावलं, काय बोलून?